निळी पानं, हिरवी फुलं

नवऱ्याने थंड झालेल्या भट्टीतून पहिली ताटली बाहेर काढली आणि त्याचा चेहराच पडला. त्याने दुसरी काढली, तिसरी काढली. छत्तीसच्या छत्तीस ताटल्यांवर पानं निळी आणि फुलं हिरवीगार.

शेजारी उभ्या तिच्या लगेच लक्षात आलं, हे कशामुळे झालं ते. लग्न होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. सासऱ्यांचं रंगकामाचं टेबल फार मळलंय म्हणून गेल्या आठवड्यात तिने मोठ्या हौसेने घासूनपुसून लख्ख केलं होतं. रंगाच्या दोन वाट्या परत ठेवताना डावी कुठली नि उजवी कुठली, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. कच्चे असताना दोन्ही रंग जवळजवळ सारखेच काळपट. कुठला निळा, कुठला हिरवा, ते नवख्याला भाजल्यावरच कळायचं. आणि सासरे चाळीस वर्षं वाट्यांकडे न बघताच कुंचला बुडवत आले होते.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?" नवऱ्याने ताटली वडिलांपुढे धरली.

सासऱ्यांनी ताटली उजेडात धरली. मग वळून त्या लख्ख टेबलाकडे पाहिलं. त्यांची नजर वाट्यांवर थांबली, तिथून क्षणभर सुनेकडे आली आणि पुन्हा ताटलीवर गेली.

"माझीच चूक," ते म्हणाले. "धड दिसत नाही रे आता."

"सहा महिने कानीकपाळी ओरडतोय मी. आता पुरे करा हे काम."

"बरं."

एवढं मुकाट 'बरं' तिने त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. एरवी हा माणूस चहातल्या साखरेवरूनही तासभर हुज्जत घालायचा. ते एकेक कुंचला पुसून फडक्यात बांधायला लागले, तेव्हा मात्र तिला राहवेना. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"वाट्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली," ती म्हणाली. "टेबल पुसताना. बाबांचे डोळे चांगले आहेत."

नवऱ्याने हातातली ताटली खाली ठेवली.

"तुला कोणी विचारलं होतं?" सासरे खेकसले. पण फडक्याची गाठ सोडायला लागले.

ती लगबगीने टेबलापाशी गेली आणि वाट्या जागच्या जागी ठेवू लागली.

"राहू दे तशाच. तू पुसणार, तू ठेवणार. माझ्या हाताला होईल सवय," सासरे म्हणाले.

त्यांनी स्टूल ओढलं, एक कोरी ताटली पुढ्यात घेतली. कुंचला नेहमीसारखा डावीकडे गेला, वाटीवर थबकला आणि मग उजवीकडे वळला.