तासाचा थेंब

या, असे जवळ सरकून बसा. भर कीर्तनात घडलेली, पण कोणत्याच कीर्तनकारानं न सांगितलेली एक गोष्ट सांगतो.

साल पासष्ट. चांदूर बाजारचे कीर्तनकार रामराव महाराज. ताप आला की त्यांच्या डोळ्यात जखम उठायची. डाव्या डोळ्यात उठली तेव्हा दुकानातून लाली घालवायचं औषध आणून त्यांनी आपल्या मनानं टाकलं. लाली गेली, पण जखम आतून चिघळली आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं ते कायमचं. आता पाळी उजव्याची होती. तो गेला की अंधार.

अमरावतीच्या डॉक्टर सत्यवतीबाईंनी महाराजांच्या बायकोला, मनकर्णेला, नवी बाटली दिली. "परदेशात हे कॅन्सरसाठी काढलं होतं, त्यावर चाललं नाही. डोळ्यातली ही जखम करणाऱ्या विषाणूवर मात्र चालतं. तो मरत नाही, त्याची वाढ तेवढी थांबते. म्हणून दिवसा दर तासाला एक थेंब. चुकलात तर डोळा जाईल."

"कालची शिकलेली पोरगी!" महाराज दारातूनच गरजले. "मले तासातासाले डोया उघडाले लावते!"

तीन दिवस मनकर्णेनं थेंब टाकले आणि शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी बाळापूरच्या देवळात दुपारचं कीर्तन. पूर्वरंग संपला, आख्यानाआधी बुक्का लावून हार घालायला थांबले, की थेंब टाकायचा, असं ठरलं होतं. गार राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन ती पुढंच बसली. पण महाराजांनी खुन्नस धरली. दृष्टांतावर दृष्टांत, पूर्वरंग संपेचना. भिंतीवरच्या घड्याळात तास उलटून दहा मिनिटं झाली.

कीर्तन मोडणं तिलाही पापच वाटत होतं. तरी ती उठली आणि थेट महाराज उभे होते त्या नारदाच्या गादीवर गेली.

"वयनी, उतरा!" पेटीवाला चंद्रभान खेकसला. "गादीवर काऊन चढल्या?"

महाराजांनी डोळे गच्च मिटले. "खाली हो. लाज नाई?"

"मले काय म्हनाचं ते म्हना. डोया उघडा."

"नाई उघडत. घरी चाल, मंग दाखवतो तुले."

"बाहेर काढा रे तिले!" मागून ओरडा झाला. दोघं-तिघं उठलेच.

बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची नस तिला ठाऊक झाली होती. ती लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "अवो, महाराजाइले आजचं आख्यानच पाठ नाई! म्हनून पूर्वरंगातच घुटमयून राहिले!"

"कोन म्हनते?" महाराजांनी तिच्यावर डोळे वटारले.

तेवढ्यात तिनं पापणी धरली आणि थेंब टाकला.

आख्यान त्या दिवशी असं रंगलं, की बाळापूरकर वर्षभर बोलत होते. घरी मात्र महाराज महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. जखम भरली, बुबुळ निर्मळ राहिलं. हा रोग अंगात दडून बसतो म्हणतात. पुढं तो दोनदा उलटला. दोन्ही वेळी तीच बाटली आणि त्याच शिव्या. त्या एका डोळ्यानं महाराजांनी शेवटपर्यंत पोथी वाचली, पण तिच्याबद्दल चांगला शब्द काही तोंडातून निघाला नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. रागावलेल्या माणसाच्या डोळ्यात औषध टाकायची पाळी कधी आलीच, तर मनकर्णेची एकवार आठवण काढा.