लुबोरची साबणदाणी

मित्रांनो, हात जरा मागे घ्या आणि नुसतं ऐका. मला उचलून पाहण्याची गरज नाही. मी एक जुनं पिस्तूल आहे. पोलिसांच्या कोठारात, तारेच्या जाळीमागे, एका खोक्यात पडलो आहे. लवकरच मला भट्टीत टाकणार आहेत. त्याचं मला दुःख नाही. पण वितळण्याआधी लुबोर व्हात्सुलिकच्या घरात काय घडलं ते कुणाला तरी सांगायला हवं. तिथे होते ते सगळे गप्प बसले आहेत.

माझा जन्म मोराव्हिया प्रांतातल्या एका कारखान्यात झाला. माझी नळी पोलादाची आणि वरचा सरकता भाग पोलादाचा, पण मूठ आणि सांगाडा कणखर प्लॅस्टिकचा होता. तेव्हा असली पिस्तुलं नवी होती. ज्या परदेशी भावंडांचं नाव झालं ती जगभर खपली. माझी जात मात्र कुणाच्या तोंडी बसली नाही. मी वाईट होतो असं नाही. माझा नेम चांगला होता, वजन हलकं होतं. पण माणसांत जसं असतं तसंच आमच्यात असतं. एकदा नाव पडलं नाही की गुण कुणी बघत नाही. थोड्याच काळात कारखान्याने आमची जातच बंद केली आणि मी शहरातल्या दुकानात, काचेच्या कपाटात अगदी तळच्या फळीवर, धूळ खात बसलो.

तिथून मला लुबोरने उचललं. तो लाकडाच्या वखारीत कामाला होता. यंत्राच्या करवतीने त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली होती. दुकानातली जड पोलादी पिस्तुलं त्याच्या तीन बोटांत ठरेनात. मी ठरलो. त्याने मला पेललं, डोळ्यांसमोर धरलं आणि त्याच्या तोंडून हळूच निघालं, "अरेच्चा! हे तर माझंच आहे." मित्रांनो, आपल्याला बघून कुणाच्या चेहऱ्यावर असा आनंद यावा, यासारखं सुख नाही.

त्याने मला फार जपलं. माझ्या मापाचं चामडी म्यान बाजारात मिळत नव्हतं, तर त्याने स्वतः कातडं भिजवून, माझ्यावर ताणून, टाके घालून म्यान शिवलं. गोळ्या भरून माझ्या मुठीत सरकवायची जादा पेटी स्लोव्हाकियातल्या एका विधवेकडून मागवली. देशात माझ्या जातीची पिस्तुलं बाळगणारे चारदोन वेडे होते. ते एकमेकांना फोन करत आणि म्हाताऱ्यांनी गुडघ्यांबद्दल बोलावं तसे आमच्या स्प्रिंगांबद्दल बोलत. दर शनिवारी लुबोर मला स्वयंपाकघराच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर ठेवी, सुटं करी आणि मऊ फडक्याने तेल लावी.

त्याच टेबलाखाली शार्का झोपलेली असे. शार्का म्हणजे त्याच्या बायकोची, मिलाची कुत्री. मिला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. त्यांना मूल नव्हतं. शार्काला तिने डोळे उघडायच्या आत घरी आणलं होतं आणि बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता कुत्री म्हातारी झाली होती. एक डोळा पांढरा पडला होता, एक कान सडत चालला होता.

"लुबोर, हिच्या कानातून पू येतोय," मिला एकदा म्हणाली. "गाडी काढ ना. डॉक्टरला दाखवून आणू."

"हात तेलाचे आहेत. दिसत नाही?"

"मग हात धुऊन ये. मी थांबते."

"कुत्रीचा कान कुठे पळून चाललाय? पुढच्या आठवड्यात बघू."

असे कितीतरी पुढचे आठवडे आले. मी टेबलावर चकचकीत पडलेला असे आणि खाली शार्का पंजाने कान खाजवत कण्हत असे. मला तेव्हा अभिमान वाटायचा, तो माझाच जास्त आहे म्हणून.

लुबोर ज्या नेमबाजी मंडळात जायचा त्याचं चांदमारीचं मैदान दगडाच्या एका जुन्या खाणीत होतं. मंडळाचे प्रमुख कॅप्टन बेरान, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे पोलादाची जुनी, वजनदार पिस्तुलं होती आणि तसलीच वजनदार जीभ होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन बोटांत धरून वर केलं.

"काय रे लुबोर, यातून गोळी सुटते की फेस?"

स्लावेक खाटीक त्यांचा शेपूटधरा. तो लगेच म्हणाला, "कॅप्टन, ती साबणदाणी आहे. वाट चुकून मैदानावर आली. बिचाऱ्याची आंघोळ राहिली असेल."

सगळे हसले. लुबोरही हसला. हसणाऱ्यांत आपणही मिसळलो की मार कमी लागतो असं त्याला वाटत असावं. तसं होत नाही, मित्रांनो. त्या दिवसापासून माझं नाव साबणदाणी पडलं आणि लुबोरचं फेसवाला. तो मैदानावर आला की कुणीतरी हात चोळून धुतल्यासारखं करी. मी त्याला नेम मिळवून द्यायचो, काळ्या ठिपक्याच्या मधोमध भोकं पाडायचो. मग कॅप्टन म्हणायचे, "वारा अनुकूल होता." ही टोमण्यांची घाण पोटात घेऊन लुबोर घरी यायचा आणि मिलाच्या ताटात ओतायचा. रस्सा खारट आहे, पावाचे गोळे दगड झालेत, तुझी कुत्री घाण वासाची आहे. मिला ऐकून घ्यायची. शार्काला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची.

उन्हाळ्यातल्या स्पर्धेत माझी लाज गेली. शेजारच्या गावांची मंडळंही आली होती. लुबोर पुढे होता. आणि नेमक्या शेवटच्या फेरीत माझ्या पेटीतली थकलेली स्प्रिंग दगा देऊन गेली. नवी गोळी वर सरकली नाही, तिरकी अडकली. लुबोरने तीन बोटांनी मला ओढलं, झटकलं, तळहाताने ठोकलं. वेळ संपली.

"फेस!" मागून कॅप्टन ओरडले आणि सगळी खाण हसली. दगडांनी ते हसू परत परत ऐकवलं.

नंतर बिअरच्या टेबलावर त्यांनी त्याला मोकळा सोडला नाही. मिला सोबत आली होती, पण ती गाडीशी, शार्काला पाणी पाजत होती.

"ती बघ तुझी कुत्री," कॅप्टन म्हणाले. "एका डोळ्याने आंधळी, एका कानाने बहिरी. पळताही येत नाही. ती तरी पडेल का रे तुझ्या साबणदाणीने?"

"पडेल," लुबोर म्हणाला.

"हा पुन्हा फेस."

"पडेल म्हणतो ना!"

"मग दाखव. नाहीतर उद्यापासून साबण घेऊनच ये. मंडळाचे टॉवेल धुवायचे आहेत."

दारूच्या टेबलावरची बोलणी उतरल्यावर विसरली जातात. पण कॅप्टन विसरू देणारे नव्हते. ते रोज विचारायचे. वखारीच्या फाटकाशी गाठायचे, "काय, मुहूर्त निघाला का?" स्लावेक तर दुकानात गिऱ्हाईकांसमोर विचारायचा. लुबोरला एका शब्दात हे संपवता आलं असतं. 'नाही' हा शब्द फार जड नसतो. पण त्याच्याकडून तो उचलला गेला नाही.

गावच्या उत्सवाच्या रविवारी मिला सकाळपासून चर्चच्या आवारात बायकांबरोबर कोलाचे, म्हणजे सणाचे गोड पाव, भाजत होती. लुबोरने कमरेला म्यान बांधलं आणि शार्काची दोरी हातात घेतली. तो तिला कधीच फिरवायला नेत नसे. कुत्री आनंदाने वेडी झाली. दुखरा कान सावरत, लंगडत, सारखी त्याच्या पायांत येत ती चालली होती.

खाणीत कॅप्टन आणि स्लावेक उभे होते. लुबोरने तिला म्हटलं, "बस." ती बसली. तो थोडा मागे गेला. तिने चांगल्या डोळ्याने त्याच्या हाताकडे पाहिलं, काही खायला मिळणार असेल म्हणून. शेपटी खडीवर आपटत होती.

मित्रांनो, त्या क्षणी मी अडकायला हवं होतं. ज्या दोषाने माझी भर मैदानात नाचक्की केली, तो दोष मी त्या वेळी जिवाच्या आकांताने मागितला. पण लुबोरने नवी स्प्रिंग घातली होती. शनिवारी तेल लावलं होतं. मी निर्दोष होतो.

पहिल्या गोळीने ती मेली नाही. ती कण्हत त्याच्याकडेच सरपटत आली, दुसऱ्या कुणाकडे जायचं तिला माहीत नव्हतं. दुसरी गोळी त्याला अगदी जवळून झाडावी लागली.

"वा!" कॅप्टननी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा तुझ्या पिस्तुलाला!"

माझ्या सबंध आयुष्यात मला पहिल्यांदाच साबणदाणीऐवजी पिस्तूल म्हटलं गेलं ते असं. त्यांनी आलुबुखाराची दारू काढली. लुबोर प्यायला, हसला, खडकाच्या कडेला जाऊन ओकला, आणि परत येऊन पुन्हा हसला.

मिलाला त्याने सांगितलं, दोरी सुटली, कुत्री पळाली. ती शेतांतून हाका मारत हिंडली. ओढ्याच्या काठाने, मक्याच्या रानातून, रोज काम सुटल्यावर. लुबोर तिच्याबरोबर शोधायलाही गेला. शेवटी स्लावेकने दुकानात मटण बांधून देताना तिला हसत हसत सांगून टाकलं, "आता हाडं कशाला मागतेस, मिला? खाणार कोण? तुझ्या नवऱ्याने तिला खाणीत झोपवली. तशी एका गोळीत नाही हं गेली!"

मिला घरी आली. शार्काचं भांडं घासलं, पुसलं, फळीवर पालथं ठेवलं. लुबोरला वाढलं. तो विचारत होता, "काय झालं? बोलत का नाहीस?"

शरद ऋतूत मंडळाचं मोठं जेवण असतं. गावच्या खानावळीत भर दुपारी सगळे जमले. बदक, कोबी, उकडलेले पावाचे गोळे. फेसवाला आता कॅप्टनच्या उजव्या हाताला बसत होता. त्या एका सकाळीने त्याला ती खुर्ची मिळवून दिली होती. कॅप्टन पाहुण्यांना खाणीतली हकिगत ऐकवत होते. कुत्री कशी सरपटली, कशी कण्हली, ते मान वाकडी करून दाखवत होते. लोक हसत होते.

तेवढ्यात मिला आत आली. मला ठेवायच्या कपाटाची किल्ली घड्याळामागे असते हे तिला माहीत होतं. ती मला हातही लावील असं लुबोरच्या मनात कधी आलं नव्हतं. मी तिच्या कोटाच्या खिशात होतो.

"या, या मिलाबाई!" कॅप्टन म्हणाले. "बदक संपायच्या आत आलात."

तिने मला बाहेर काढलं आणि त्यांच्या छातीवर रोखलं.

"परत करा."

"क... काय?"

"आत्ता करत होतात ते. कुत्रीचा आवाज. मला ऐकायचाय."

"अहो, मी नाही मारली! यानं मारली, याला विचारा! मी नुसता उभा होतो."

"भुंका, कॅप्टन."

ते भुंकले. घशातल्या घशात.

"मोठ्यानं. तिला एका कानाने ऐकू यायचं नाही."

कॅप्टन बेरान मोठ्याने भुंकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पँटचा पुढचा भाग ओला होत होता. मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. जे आत्तापर्यंत त्यांच्या विनोदांवर हसत होते तेच आता त्यांच्यावर हसत होते. हसायला त्यांना कुणीही चाललं असतं.

मिलाने मला फिरवलं. नळी स्वतःच्या मुठीत धरली, माझी मूठ पुढे केली आणि ती नवऱ्याकडे वळली. ती मला त्याच्या हवाली करत होती. पण लुबोरला मूठ दिसली नाही. त्याला फक्त मी दिसलो. खुर्ची मागे सरकवत, दोन्ही हात वर करून, कुणी न सांगता तो भुंकायला लागला. थांबेच ना. भुंकतच राहिला.

खानावळीत आता कुणी हसत नव्हतं.

"पुरे कर, लुबोर," ती म्हणाली. "यात गोळ्या नाहीत. तुझी वस्तू तुला द्यायला आणली होती."

तिने मला त्याच्या ताटात, बदकाच्या रश्शात ठेवलं आणि बाहेरच्या बाकावर पोलिसांची वाट बघत बसली.

खटला झाला. मिलाला शिक्षा झाली, पण तुरुंगाबाहेर राहून भोगायची. ती बहिणीच्या गावी जाणार होती. कॅप्टन घराबाहेर पडले की गावातली पोरं त्यांच्या मागे भुंकायची. कोणी पोरांना रागावलं नाही. कॅप्टननी घर विकलं. लुबोरचा परवाना रद्द झाला आणि मला नष्ट करण्याचा हुकूम निघाला.

निकालानंतर मी कारकुनाच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत होतो. शेजारच्या भिंतीशी मिला हातमोजे चढवत उभी होती. लुबोर आत आला. त्याने टोपी काढली. मला वाटलं, आता तो तिच्याशी बोलेल. तिलाही तसं वाटलं असावं. तिचा हात अर्ध्या हातमोज्यात थांबला होता.

लुबोर टेबलाशी आला. तो माझ्या पिशवीवर वाकला.

"साहेब," तो कारकुनाला म्हणाला, "त्याला रस्सा लागलाय. नेण्याआधी पुसून थोडं तेल लावाल का? गंजेल हो ते."

मिलाने दुसरा हातमोजा चढवला आणि ती निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं विनवणार नाही. मला खूप जपलं गेलं. माझ्या अंगावर गंजाचा एक ठिपकाही नाही. तुमच्या घरात टेबलाखाली कुणी कण्हत असेल, तर हातातली वस्तू तशीच खाली ठेवा आणि उठा.