अस्वलांचे डोळे आणि माझा सेल

चौतीस वर्षं मी खेळणी मोडायचा पगार घेतला. लोकांना हे खोटं वाटतं. माझं बरंच काही लोकांना खोटं वाटतं, पण हे खरं आहे. खेळण्यांच्या कारखान्यात तपासणीची एक खोली असते, आणि लहान मूल जे करणार ते त्या खोलीत एक मोठा माणूस आधी करून बघतो. आपटतो, ओढतो, पिळतो, चावतो. अस्वलांचे डोळे मी इतके उपटले, की मी गोदामातून चाललो की फळीवरची अस्वलं भिंतीकडे तोंड करून बसायची. एका बाहुलीने तर मला बघून आपणहून हात काढून दिला होता. बाहुलीचं हवं तर सोडून द्या.

निवृत्त झालो तेव्हा कारखान्यातून एकच वस्तू घरी आणली, माझी नळी. पितळेची, एका टोकाला बंद, दोन बोटं जेमतेम जातील एवढी. तान्ह्या मुलाचा घसा तेवढा धरायचा. खेळणं किंवा त्याचा निघालेला तुकडा नळीत पुरता मावला, तर ते खेळणं बाद. मग मी मान हलवून ‘ना’ म्हणायचो आणि मालकाचा चेहरा उतरायचा. नळी कोटाच्या खिशात असायची आणि तिच्या तोंडाला बोळा म्हणून माझा रुमाल. तो ओला करून खेळण्यावर घासला की कच्चा रंग लगेच कळतो.

तर त्या बुधवारी दुपारी सूनबाई दोन पिशव्या भरून खेळणी आणि पुस्तकं घेऊन आली. ती बस डेपोत वेळापत्रकं लावते, त्यामुळे घरातसुद्धा मिनिटांत बोलते. तिची रजा संपत आली होती. मुलगा बोटीवर, आणखी तीन महिने पाण्यात. सोमवारपासून नात दिवसभर आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे राहणार होती. नात चौदा महिन्यांची. रांगताना घूं घूं आवाज करते म्हणून तिला भुंगा म्हणतो. भुंग्याला जगातली प्रत्येक वस्तू आधी तोंडाने वाचायची असते.

“बाबा, हे सगळं तपासा,” सूनबाई म्हणाली. “बाद असेल ते उद्या परत करते. आणि गोष्टी नकोत, नुसतं हो की नाही सांगा.”

मी जमिनीवर सतरंजी टाकली आणि बैठक मारली. भुंगा समोर. कापडी पुस्तक ओढलं, पिळलं, शिवण चावली. पास. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे कोपरे गालावर घासले. पास. चित्रंही बरी होती, एका पानाला एक वस्तू, गर्दी नाही. लाकडी गाडीचं चाक दोन हिसक्यांत हातात आलं. नळीत टाकलं, गडप.

“ना,” मी मान हलवली.

“ना,” भुंग्याने मान हलवली.

“शिकवा, हेच शिकवा,” आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली. “पोरीचा पहिला शब्द नकार.”

मग निघाला ढोल. थाप मारली की दिवे लागायचे. मी मागचं झाकण नखाने उचकटलं, तर आत तीन सेल, शर्टाच्या बटणाएवढे.

“स्क्रू नाही,” मी म्हणालो. “नखाने उघडतंय म्हणजे भुंगासुद्धा उघडणार. बाकी काही गिळलं तर निदान गप्प बसतं. हा बटणासारखा सेल घशाखाली अडकला तर दोन तासांत आतून भाजत जातो. कारखान्यात एकदा एक सेल टेबलावर पडला होता, तर टेबलाला—”

“भोक पडून तो खालच्या मजल्यावर गेला,” सूनबाई म्हणाली. “मागच्या वेळी दोन मजले खाली गेला होता.”

मी ढोलाचे तिन्ही सेल तिच्या हातात मोजून दिले. तेवढ्यात माझ्या कानातलं मशीन टुंग टुंग करून बंद पडलं. भाषण अर्ध्यावर. मी मशीन काढलं, जुना सेल काढून सतरंजीवर ठेवला, पाकिटातला नवा घातला, मशीन कानात बसवलं आणि पाकीट खिशात टाकलं. भाषण पूर्ण केलं. दोन पुस्तकं आणखी तपासली. मग जुना सेल फेकायला हात पुढे केला.

सतरंजीवर सेल नव्हता.

मी सतरंजी उचलली. झटकली. मांडीखाली बघितलं. भुंगा माझ्याकडे बघून हसत होती आणि तिची हनुवटी लाळेने चमकत होती.

“काय झालं?” सूनबाईने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मला गोष्ट सुचेना. “माझ्या मशीनचा जुना सेल. इथे ठेवला होता.”

तिने भुंग्याला उचलून तोंडात बोट फिरवलं. पुठ्ठ्याचा ओला चोथा निघाला, दुसरं काही नाही. आमची ही केळं घेऊन धावत आली. “भरवा, म्हणजे खाली उतरेल.”

“काही भरवायचं नाही,” मी म्हणालो. “ओकारी काढायची नाही. सरळ दवाखाना.”

“कधी ठेवलात?” सूनबाईने किल्ल्या घेतल्या होत्या.

“असतील पाच—”

“बाबा. वेळ.”

“चारला पाच कमी होती.”

“आता चार वाजून सात. आई, तुम्ही घर शोधा, सापडला तर फोन करा.”

हाताला लागलं ते मी खिशात कोंबलं आणि तिच्यामागे धावलो. गाडीत भुंगा माझ्या मांडीवर घूं घूं करत होती. मी तिचा श्वास मोजत होतो, मग माझाच मोजायला लागायचो आणि आकडा चुकायचा. सिग्नलवर सूनबाई स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. “सेल केवढा? किती? कधी?”

“एक. मशीनमधला, वाटाण्याहून लहान. चारला पाच कमी असताना. गिळताना कुणी बघितलं नाही. काही भरवलेलं नाही.” मी एक शब्द जास्त बोललो नाही. सूनबाईने वळून माझ्याकडे बघितलं, जणू दुसराच कुणी बोलला.

एक्स-रे काढला. पडद्यावर भुंग्याच्या छातीच्या मधोमध एक पांढरी गोल टिकली.

सूनबाईने माझा दंड धरला. तिची नखं कोटातून लागली. चौतीस वर्षांत उपटलेला प्रत्येक डोळा त्या टिकलीतून माझ्याकडे बघत होता, आणि हे काही मी फुगवून सांगत नाही.

डॉक्टरबाई पडद्याजवळ वाकल्या. “फ्रॉक काढला होता का?”

नव्हता. फ्रॉकला पुढे धातूचं एक टिचबटण होतं. फ्रॉक काढून पुन्हा फोटो. तेवढी तीन मिनिटं मी बाहेरच्या व्हरांड्यात किती फेऱ्या मारल्या विचारू नका. शेवटी एका आजोबांनी पाय आखडून घेतले. दुसऱ्या फोटोत फासळ्या, पोटातली हवा आणि बाकी काही नाही.

“गिळलेला नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण घरात सापडेपर्यंत हिला जमिनीवर सोडू नका.”

सूनबाई बाकावर बसली. मला मात्र बसवेना. गिळला नाही म्हणजे कुठेतरी पडलाय, आणि भुंग्याला तो आमच्याआधी सापडणार. मी घरी फोन लावला.

“सोफा उलटा केला,” आमची ही धापा टाकत म्हणाली. “तुमची हरवलेली कवळी सापडली. सेल नाही.”

मला घाम फुटला. पुसायला खिशातून रुमाल ओढला, तर त्याच्यासोबत नळीसुद्धा बाहेर आली. घरातून निघताना मी सवयीने नळी उचलून रुमालाचा बोळा तिच्या तोंडाशी कोंबला होता. बोळा सुटला आणि आत काहीतरी वाजलं.

मी नळी तळहातावर उपडी केली. सेल.

सूनबाईच्या कडेवरून भुंग्याने सेलकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे मान हलवली.

“ना.”

सेल आधी डॉक्टरबाईंनी माझ्या हातातून घेतला आणि मगच त्या हसल्या. सूनबाई हसली नाही. “म्हणजे ढोलाचे तीन सेल माझ्या हातात दिलेत, आणि स्वतःचा पोरीपुढे ठेवलात. तिने तो तपासून बाद केला.”

“हो,” मी म्हणालो.

घरी पोचल्यावर तिने भुंग्याला आजीकडे दिलं आणि मला खुर्चीत बसवलं. कानातलं मशीन काढून त्याचं झाकण नखाने उघडतं का ते बघितलं. उघडलं. खिशातलं सेलचं पाकीट काढून कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं. चष्म्याचे स्क्रू बघितले. मग शर्टाची बटणं घेतली, वरून खाली, एकेक हिसका देत, अगदी माझ्या पद्धतीने. तिसरं तिच्या हातात आलं. तिने ते नळीत टाकलं, गडप.

भुंगा आजीच्या कडेवरून बघत होती आणि तिची मान डावीकडे वळायला लागली होती.

“थांब गं,” सूनबाई तिला म्हणाली, आणि सुईदोरा आणायला उठली. “सोमवारी मी साडेआठला निघते, बाबा. सेल बदलायचा तर आत, दार लावून. बाकीचं सगळं आधी शिवून घेऊ.”