तिसऱ्यांदा विचारल्यावर

वाचा-उपचाराच्या दुसऱ्या वर्षाला सर्वसाधारण शाखा घ्यायची की फक्त गिळण्याच्या विकारांची खास शाखा, हे मारितला सोमवारपर्यंत विद्यापीठाला कळवायचं होतं. मन गिळण्यात अडकलेलं. पण मिनेसोटातल्या तिच्या काउंटीत बोलण्याचे आणि गिळण्याचे दोन्ही विकार बघणारी बाई एकच, आर्डिस. सकाळी शाळेत पोरांचे बोबडे 'र' सरळ करायची, दुपारी वृद्धाश्रमात जायची. मारितचा 'र' तिनंच सरळ केलेला. मारित पास झाली की आर्डिस निवृत्त होऊन ॲरिझोनाच्या उन्हात जाणार आणि तिच्या जागी मारित येणार, हे गावानं मारितला न विचारताच ठरवलं होतं. पाद्रीबुवांनी तर अभिनंदनही उरकून घेतलं.

शुक्रवारी मारित आर्डिसबरोबर वृद्धाश्रमात गेली. कॉफी आली, लिंबाच्या वड्या आल्या. जुना गवळी व्हर्लिन दोनदा "नको" म्हणाला आणि तिसऱ्या आग्रहाला दोन वड्या घेऊन बसला. तिकडची रीतच तशी.

"काय व्हर्लिन, गिळायला काही त्रास?" आर्डिसनं विचारलं.

"तक्रार नाही."

आर्डिस पुढच्या टेबलाकडे वळली. त्या काउंटीत पाय मोडलेला माणूससुद्धा 'तक्रार नाही' म्हणतो. आर्डिसला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण तीही तिथलीच.

मारित मात्र बसून राहिली. "तुमची सगळ्यात द्वाड गाय कोणती हो?"

व्हर्लिननं कॉफीचा घोट घेतला. "ग्लॅडिस. लाथ अशी मारायची, की माझी बायको तिच्यापुढे गरीब वाटायची!"

मारित हसली नाही. त्याचा आवाज ओला येत होता, घशात पाणी साचल्यासारखा. तिनं आणखी दोन घोट घ्यायला लावून दोनदा बोलतं केलं. दोन्ही वेळा तेच.

"कॉफी श्वासनलिकेत जातेय," गाडीत बसल्यावर ती म्हणाली. "एक्स-रेखाली गिळणं तपासायला हवं."

आर्डिसनं किल्ली फिरवलीच नाही. "हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला त्याला. मी म्हटलं, वय झालं."



"आर्डिस, मी सर्वसाधारण शाखा घेऊ का? तुमची जागा घ्यायला?"

"तुझं तू बघ. आमचं काय, चालतंय."

"खरं सांगा."

"अगं, ठीक आहे सगळं."

हे 'ठीक आहे' म्हणजे व्हर्लिनचं 'नको'च; ते मारितनं आत्ताच, वड्यांच्या टेबलावर दोनदा ऐकलं होतं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "मी येऊ की नको?"

"ये," आर्डिस म्हणाली. "पण माझ्यासारखी होऊन येऊ नकोस. थोडं थोडं सगळं करणारी एक झाली या काउंटीत, आणि व्हर्लिन खोकत राहिला. तू गिळणंच शीक."

"आणि शाळेतली पोरं?"

"ते मी वर्षभर शेजारी बसून शिकवीन. तुझा 'र' सरळ करायला मला दोन वर्षं लागली, त्या मानानं हे सोपं."

"ॲरिझोना?"

"ते कुठं पळून जातंय?"

आर्डिस गाडीतून उतरली आणि व्हर्लिनच्या तपासणीचं डॉक्टरांशी बोलायला आत गेली.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी मारितचं पुन्हा अभिनंदन केलं. कोणती शाखा, ते याही वेळी त्यांनी विचारलं नाही. सोमवारी तिनं खास शाखा कळवली.