वरदाची हत्यारं

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी डॉक्टर शशिधर केळुसकर रिसायकलिंगचा बिन रस्त्याकडेला लावायला बाहेर आले, तेव्हा त्यांची मुलगी वरदा फुटपाथच्या कडेवर पाय रस्त्यात सोडून बसली होती. अंगात कामाचा निळा ओव्हरऑल, मांडीवर चहाचा थर्मास. समोर तिची व्हॅन उभी होती आणि व्हॅनचं सरकतं दार वरून सालपट सोलावं तसं सोलून खाली वाकवलेलं होतं. आतले कप्पे रिकामे होते.

वरदा चोवीस वर्षांची. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीबाहेरच्या एका लॉरी गॅरेजमध्ये मेकॅनिक होती. वाटेत बंद पडलेल्या लॉऱ्या जागेवर जाऊन चालू करून द्यायच्या, त्यासाठी मिळालेली व्हॅन गॅरेजची होती. पण आतली हत्यारं तिची स्वतःची. या धंद्यात तशीच रीत आहे. काम मालक देतो, पाने ज्याचे त्याने आणायचे. अप्रेंटिस होती तेव्हापासून चार वर्षं तिने ते एकेक करून जमवले होते आणि प्रत्येकाच्या दांड्यावर आईच्या नेलपॉलिशचा किरमिजी ठिपका लावून ठेवला होता.

"माझा सगळा टूल्स गेला, बाबा," ती म्हणाली.

तिचा जन्म इथलाच. मराठीत तो-ती-तेची गफलत नेहमी व्हायची आणि शशिधर दर वेळी सुधारून द्यायचे. त्या सकाळी मात्र त्यांनी ते सोडून दिलं. बिनचं झाकण नीट लावलं, व्हॅनकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ दे. सुटलीस एकदाची. आता तरी दुसरं काहीतरी बघ."

आपण तिला धीर देतोय असंच त्यांना त्या क्षणी वाटलं होतं. वरदाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

शशिधर हाडांचे सर्जन. मिरजेहून शिकून आले, तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांचे खुबे आणि गुडघे बदलले आणि वर्षभरापूर्वी निवृत्त झाले. एकुलती एक मुलगी ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, चांगले मार्क मिळवून युनिव्हर्सिटीत न जाता स्पॅनर हातात घेते, हे त्यांच्या गळी कधी उतरलंच नाही. ते भांडले नाहीत. भांडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फक्त तिच्या कामाबद्दल विचारायचं सोडून दिलं. ती संध्याकाळी दमून यायची, किचनच्या सिंकवर ब्रशने नखं घासायची, आणि ते तिला जेवलीस का एवढंच विचारायचे. मंडळाच्या गणपतीत कोणी चौकशी केली तर "इंजिनिअरिंगमध्ये आहे" असं सांगून विषय बदलायचे. एकदा वरदा त्यांच्या पाठीशीच उभी होती. तिने ते ऐकलं, समोरच्या काकूंकडे बघून हसली, आणि पुढच्या वर्षीपासून गणपतीला येईनाशी झाली.

पोलिसांनी फोनवर तक्रारीचा एक नंबर दिला. तो नंबर फ्रिजवर चिकटवला गेला आणि पुढे काही झालं नाही. गॅरेजवाल्यांनी आठवडाभर इकडून तिकडून मागून हत्यारं पुरवली. तिसऱ्या आठवड्यात वरदाने जेवताना सांगितलं की तिने राजीनामा दिलाय. एका वेअरहाऊसच्या ऑफिसात डिलिव्हऱ्यांचं बुकिंग करायचं काम मिळालंय, सोमवारपासून जायचंय. तिची आई सुलक्षणा वाढता वाढता थांबली. शशिधर "छान झालं" म्हणाले आणि त्यांनी आमटी मागितली.

हवं होतं ते घडलं होतं, आणि तरी त्यांना बरं वाटेना. वरदा आता साडेआठला स्वच्छ शर्ट घालून निघायची आणि साडेपाचला तितकाच स्वच्छ शर्ट घालून परत यायची. तिची नखं पांढरी झाली. पूर्वी दमून आली तरी आईशी तासभर बडबडायची, कोणत्या लॉरीचा कुठला बोल्ट कसा अडून बसला होता ते हातवारे करून सांगायची. शशिधर बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून ते सगळं ऐकत असत, हे त्यांना आता, आवाज बंद झाल्यावर कळलं. आता ती जेवून वर निघून जायची आणि घर आठ वाजताच निजल्यासारखं व्हायचं.

एप्रिलच्या अखेरीस ते एका मोठ्या दुकानात गेले आणि हत्यारांचा एक भलामोठा संच घेऊन आले. दोनशे नग, काळी पेटी, आत प्रत्येक नगाला साच्यात बसवलेली जागा, सगळं आरशासारखं चकचकीत. वरदाने पेटी उघडली, बोल्टच्या डोक्यावर बसणारं वाटीसारखं एक सॉकेट काढून आत बोट फिरवलं, सॉकेट फिरवायचा दांडा, रॅचेट, दोनदा कडकड फिरवून पाहिलं. "थँक यू, बाबा. छान आहे," ती म्हणाली आणि पेटी जिन्याखालच्या कपाटात ठेवून आली.

"ते खेळणं आहे, अहो," सुलक्षणा दुसऱ्या दिवशी म्हणाली. तिला हे कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. चार वर्षं रोज ऐकतेय, ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने सांगितलं की कीथला जाऊन भेटा.

कीथ हा गॅरेजमधला जुना मेकॅनिक. वरदाला कामावर त्यानेच घडवलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला होता. शशिधर त्याला कधी भेटले नव्हते. पत्ता सुलक्षणाकडे होता. ती दर नाताळला त्याच्याकडे करंज्या पाठवायची, हेही त्यांना त्याच दिवशी कळलं.

कीथ सत्तरीतला, आडव्या बांध्याचा, डाव्या पायाने लंगडणारा माणूस. त्याने डॉक्टरांना पुढच्या खोलीत न बसवता सरळ मागच्या शेडमध्ये नेलं. त्यांनी आणलेली काळी पेटी उघडून पाहिली आणि न हसता बाजूला ठेवली. मग दोन सॉकेट त्यांच्या तळहातावर ठेवून त्याने सांगायला सुरुवात केली. एकाच्या आत बारा कोपरे होते, दुसऱ्याच्या आत सहा. बारावालं बोल्टवर पटकन बसतं, पण नुसत्या कोपऱ्यांना धरतं. बोल्ट गंजलेला असला की त्याचे कोपरे खाऊन टाकतं आणि मग तो कोणाच्या बापाला निघत नाही. सहावालं बाजूंना धरतं. लॉरीखाली उताणं पडून काम करणाऱ्या माणसाला सहावालंच हवं.

शशिधरांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. हाडातल्या स्क्रूचं डोकं गोल झालं की काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? किती वेळा त्यांनी झिजलेला स्क्रूड्रायव्हर भर ऑपरेशनमध्ये ट्रेत परत टाकला होता आणि दुसरा येईपर्यंत सगळ्या थिएटरला थांबवून ठेवलं होतं. एवढं साम्य चार वर्षांत एकदाही आपल्या लक्षात येऊ नये, याचं त्यांना नवल वाटलं आणि मग लाज वाटली.

त्यानंतर सहा शनिवार ते कीथबरोबर हिंडले. कधी हत्यारांच्या जुन्या दुकानात, कधी मैदानात भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारात. कीथ त्यांना बघायला शिकवत होता. चकाकी बघू नका, कडा बघा. मुलामा जिथे टवके उडून निघालाय तिथे आतला माल कळतो. हवेच्या दाबाने बोल्ट फिरवणाऱ्या गनवर चालवायची सॉकेट काळीच हवीत, चकचकीत लावली तर फुटून डोळ्यात जातात. रॅचेटचे दाते बारीक असावेत, कारण गाडीखाली मूठ हलवायला बोटभर जागा मिळते. आणि दोनशे नग कशाला? तीस घ्या, पण असे की ते हातात घेतल्यावर माणूस हत्याराचा विचार करणं सोडून देईल. बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा टॉर्क रेंच मात्र नवा आणि तपासून दिल्याचा दाखला असलेलाच घ्यायचा, त्यात जुन्याला वाव नाही.

शशिधर एकेक पाना हातात तोलून घ्यायचे, बोल्टवर बसवून हलवून बघायचे. सैल वाटला की परत. एका दुकानदाराने वैतागून कीथला विचारलं की हे साहेब आहेत तरी कोण. कीथने सांगितलं, वरदाचे वडील. दुकानदाराचा चेहरा बदलला. ती मुलगी असंच करते, तो म्हणाला, अर्धा तास घेते आणि दोन पाने नेते. बरेच दिवस दिसली नाही.

परत येताना गाडीत कीथने आपणहून सांगितलं की हे तिला त्याने शिकवलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात ती काम सुरू करण्याआधी सगळी हत्यारं कापडावर मांडून एकेक तपासायची. बाकीची पोरं हसायची. ती त्यांना म्हणाली होती, माझे बाबा ऑपरेशनच्या आधी असंच करतात. शशिधर गाडी चालवत होते. त्यांनी ती डावीकडे घेऊन थांबवली.

तिची चोरीला गेलेली हत्यारं कोणती होती याची यादी कीथला पाठ होती. शेवटचा एकच नग राहिला होता, अर्ध्या इंचाचं रॅचेट. तसं घेऊ या, शशिधर म्हणाले. कीथने नकारार्थी मान हलवली. ते त्याचं स्वतःचं होतं, तेहेतीस वर्षं वापरलेलं. निवृत्तीच्या दिवशी त्याने ते तिला दिलं होतं. ते आता कुठल्या तरी बाजारात चार पौंडांना पडलं असेल. "त्याची जागा रिकामी ठेवा," तो म्हणाला.

जूनच्या दुसऱ्या रविवारी शशिधरांनी डायनिंग टेबलवर पांढरी चादर अंथरली आणि तीस हत्यारं ओळीने मांडली. सुलक्षणा किचनमध्ये गेली आणि दार ओढून घेतलं. वरदा खाली आली. ती टेबलाशी आली. मग एक सॉकेट उचललं, आत पाहिलं. रिंग पाना घेऊन त्याची कड अंगठ्याने चाचपली. टॉर्क रेंच वजनाला तोलून पाहिला. रॅचेटच्या रिकाम्या जागेशी तिचा हात थांबला.

"हे बरोबर आहेत, बाबा," ती हळू म्हणाली. "सगळे बरोबर आहेत."

शशिधरांनी मनाशी पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं त्यांना फक्त एवढंच आठवलं, "मी त्या दिवशी बोललो ते चुकलं माझं."

"मला माहीत आहे तुम्ही रागाने नाही बोललात." ती खुर्चीवर बसली. शब्द शोधत, अडखळत मराठीतच बोलत राहिली. इंग्लिशमध्ये तिला ते सोपं गेलं असतं. "टूल्स मी परत घेतली असती. एक एक. मला त्याचा कंटाळा नाही. पण तुम्ही म्हणाला, सुटलीस. तेव्हा मला वाटलं, चार वर्षं मी जे करत होते ते ह्या घरात फक्त एक आजार होती. आणि आता ती बरी झाली." तिने पाना चादरीवर होता तिथे ठेवला. "मग माझा हात चाललाच नाही. त्या शेवटच्या तीन आठवड्यांत मी बोल्टला हात लावायचे आणि तुमचा आवाज यायचा. तसं काम करता येत नाही, बाबा. लॉरीखाली माणूस असतो."

"आता घे ना," ते म्हणाले. "आता मी…"

तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता. वेअरहाऊसवाल्यांनी तिला मँचेस्टरच्या ऑफिसात वरची जागा दिली होती आणि तिने ती घेतली होती. हे सांगायला ती आज खाली येणारच होती. हत्यारं तिच्या अप्रेंटिसशिपच्या कॉलेजला द्यावीत, तिथे दर वर्षी दोन-तीन मुलं अशी येतात ज्यांना स्वतःची विकत घ्यायला जमत नाही, असं तिने सुचवलं. शशिधर बरं म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः ती तीस हत्यारं नेऊन दिली. तिथल्या शिक्षिकेने वरदाची चौकशी केली, तेव्हा त्यांनी सांगितलं की ती फार चांगली मेकॅनिक होती. ते वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं आणि त्यातलं 'होती' त्यांच्याच कानाला टोचलं.

ऑगस्टमध्ये तिला मँचेस्टरला पोचवायला शशिधर एकटेच गेले. सुलक्षणाला ताप होता. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, एक खोली, खाली ट्रामची घंटा ऐकू येणारा. कपड्यांचं कपाट सुट्या फळ्यांत खोक्यातून आलं होतं, बरोबर स्क्रूंची पिशवी आणि वाकवलेली एक पातळ चावी. वरदाने कागदावरच्या सूचना बघितल्याही नाहीत. फळ्या जमिनीवर मांडल्या, गुडघ्यावर बसली आणि सुरुवात केली.

शशिधर फळी धरून उभे होते. मुलीला काम करताना ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. तिने एकही स्क्रू लगेच पूर्ण आवळला नाही. सगळे आधी सैल बसवले, फळ्या काटकोनात आणल्या, मग समोरासमोरचे एकेक करून थोडे थोडे आवळत गेली. प्रत्येक स्क्रूशी शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला तिचा हात मंदावायचा आणि एका ठरावीक जागी, काही न बघता, थांबायचा. ती जागा कोणालाही शिकवता येत नाही. शशिधरांनी किती तरुण सर्जन तिथे चुकताना पाहिले होते.

हे तिला सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"बाबा, थोडं वर धरा," वरदा म्हणाली. "हं. बस."

त्यांनी फळी वर उचलून धरली आणि तिचं काम होईपर्यंत तशीच धरून ठेवली.