रिकामं जातं

खुंटा गुळगुळीत होता, मुठीत नेमका बसला... आणि कळायच्या आतच सुलक्षणानं जातं फिरवलंसुद्धा. हाताची सवय, दुसरं काय! मग दगडावर दगड घासल्याचा तो कोरडा आवाज आला. आत दाणे नव्हते.

तिनं हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“लव्हली!” लोकरीच्या जाड झग्यातली म्यूझियमची बाई म्हणाली. इंग्लंडात दोन हजार वर्षांपूर्वी केल्ट लोक राहायचे तशी ही गोल, गवतानं शाकारलेली झोपडी नव्यानं बांधलेली. धुराडं नाहीच, मधल्या चुलीचा धूर छपरातूनच वाट काढत होता. सुलक्षणाचे डोळे चुरचुरत होते. रिकामं जातं फिरवू नये, घर रिकामं होतं – सातारला आई म्हणायची, मूठभर तरी दाणे टाक गं आत...

घर म्हणजे नक्की काय?

मागच्या खेपेला चौथ्या महिन्यातच सगळं संपलं, तेव्हा तिनं कुठलंच जातं फिरवलं नव्हतं. साउथहॅम्प्टनच्या फ्लॅटमध्ये कसलं आलंय जातं! यात कुणाची चूक नसते सुलू, असं शशिधर म्हणाला होता, आणि नवरा डॉक्टर म्हटल्यावर तिनं ते मानलंही होतं. पण चूक नाही म्हणजे कारणही नाही – आणि कारणच नसलं तर ते पुन्हा केव्हाही येईल की... त्यापेक्षा जातं बरं, निदान बोट दाखवायला दगड तरी आहे. आता पाचवा लागला होता. सकाळी गाडीत बाळ हललं होतं, अगदी हलकेच.

“अहो, त्या बाईंकडे थोडे दाणे मागा ना.”

“कशाला?”

“मागा हो.”

“अगं, दाणे ठेवले की उंदीर येत असतील,” शशिधर हसला. “चल, तू धुरात थांबू नकोस.”

बाहेर बाकावर त्यानं फ्लास्कमधला चहा ओतून दिला. तिचा हात पोटाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. ठेवला, आणि काही हललंच नाही तर? नाही ठेवला तोवर बाळ आहे. तिनं कप दोन्ही हातांनी धरला.

तेवढ्यात कडेवर तान्हं घेतलेली एक गोरी बाई हसत झोपडीत शिरली. थोड्या वेळानं आतून तोच कोरडा आवाज आला – घरघर, घरघर, मजेत. उठून तिला थांबवावं, नको गं बाई म्हणावं... सुलक्षणा उठली नाही. जाऊ दे, तिच्यावर जाऊ दे, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. फार बरं वाटलं तिला, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

“बरी आहेस ना?” शशिधरनं विचारलं.

“हो,” ती म्हणाली, आणि आवाज थांबू नये म्हणून कान देऊन बसली.