बॅनरवरचं तोंड

धुरपताबाईच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव, म्हणून उमेदवार ती. मागच्या खेपेलाही तीच निवडून आली होती. पण ग्रामपंचायतीतल्या खुर्चीवर बसला तिचा नवरा किशनराव, चहा प्याला किशनराव, आणि सही तेवढी तिची. परवा हापशावरच्या बायांनी तिलाच विचारलं, यंदा तुमच्याकडून कोण उभं हाय? ते तिला लय लागलं. यंदा गावानं आपलं तोंड ओळखावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

किशनरावाला प्रचाराच्या बॅनरवर पाहिजे होता जोडीनं फोटो, नव्या सागवानी दारापुढं. गेल्या वेळी दुकानदारानं दोन वेगळे फोटो जोडले, तेव्हा याचं डोकं भोपळ्याएवढं अन् बायकोचं लिंबाएवढं छापून आलं होतं. म्हणून यंदा एकाच चौकटीत दोघं, असा हुकूम. त्यासाठी परभणीहून सिद्धोधन फोटोग्राफर आला होता.

सिद्धोधन डोळ्याला कॅमेरा लावून मागं सरकत गेला आणि दगडांच्या रांगेला टाच लागली तसा थांबला. वाटणीत अंगण दुभागलेलं. रांगेपलीकडं किशनरावाचा धाकटा भाऊ बजरंग बाज टाकून बसलेला. त्याची बायको मालनबाई याच वॉर्डात विरोधात उभी.

"दोघं मावंनात," सिद्धोधन म्हणाला. "ही पंच्याऐंशी एमएमची लेन्स, लांबचं जवळ वढती, झूम होत न्हाई. त्यात कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून चौकट आणखी आवळती. तोंड झकास येतंय, पण मला तीन-चार फूट मागं जाऊ द्या."

मग मोबाइलनं काढ, असं किशनराव गुरकावला. मोबाइल जवळ नेला की नाक फुगतं, आणि तुमचं तर आधीच, एवढं बोलून सिद्धोधननं पुढचं गिळलं. गल्लीत काढावा तर दार येत नव्हतं, आणि दाराशिवाय किशनराव ऐकत नव्हता.

बजरंग बाजेवरून हललासुद्धा नाही. "येऊ दे की फोटोवाल्याला. फक्त दादानं चार माणसांत सांगावं, हे दगड रातोरात कुणी सरकवले."

"तुझ्या बापानं," किशनराव म्हणाला, आणि बाप दोघांचा एकच असल्याचं ध्यानात येऊन जास्तच चिडला.

तेवढ्यात मालनबाई बादली घेऊन आली. फोटोवाल्याचे पाय जिथं पडले असते, नेमकं तिथंच तिनं पाणी ओतलं, आणि सडा टाकल्यासारखं करत आत गेली.

शेवटी सिद्धोधननं तोड काढली: एक पुढं, एक मागं, म्हणजे इथूनच मावतंय. उंच माणूस मागं. उंच कोण, हे काही सांगायला नको होतं. धुरपताबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. भावापुढं कबुली द्यायची की बायकोच्या मागं उभं राहायचं, याचा हिशेब तिथं चाललेला तिला लख्ख दिसत होता. कबुली महाग पडली असावी. किशनराव मागं गेला. पण भाऊ-भावजयीच्या देखत बायकोला खेटून कसं उभं राहायचं? म्हणून थेट दाराला पाठ टेकून उभा राहिला. धुरपताबाई पुढं अंगणात, एकटी.

सिद्धोधननं फोटो काढला आणि मागचा पडदा दोघांना दाखवला. कपाळावरचं गोंदण, डोळ्याखालच्या सुरकुत्या, गालावरचा देवीचा वण, सगळं धुरपताबाईचं, जसंच्या तसं. मागं मात्र तव्यावरच्या धुरात दिसावा तसा एक पांढरा फेटा.

"हे कोण?" किशनरावानं विचारलं.

"तुमीच." सिद्धोधन ओशाळला. "तुमी लय मागं उभे राहिले. थांबा, लेन्सचं छिद्र बारीक करतो. दोघंबी साफ येतील."

रांगेपलीकडून बजरंग खिंकाळला. दादा अखेर आपल्या जागेवर पोचला म्हणाला.

"आणखी काढू नको," धुरपताबाई म्हणाली. "हाच द्यायचा."

किशनरावानं तिच्याकडं असं बघितलं, की एरवी ती चुलीकडं वळली असती. "डोस्कं फिरलं का तुझं? मग मतं मागायला एकलीच फीर. मी दाराबाहेर पाऊल टाकणार न्हाई."

"नका टाकू."

किशनरावाचा हात खिशातल्या फोनकडं गेला. बॅनर छापणारा दुकानदार त्याच्याच बसण्या-उठण्यातला, एका फोनवर फोटो बदलंल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पदर खोचला आणि ती सिद्धोधनच्या गाडीजवळ गेली.

"चल बाबा, मी येते संगं. परभणीतच दुसरं दुकान बघू. छापून हातात येईस्तोवर मी तिथून उठत न्हाई."